काठावरची खुर्ची

नमस्कार श्रोतेहो.

माझ्या गाडीच्या डिकीत वर्षभर एक घडीची खुर्ची पडलेली असते. आमच्या सोसायटीत बऱ्याच जणांची समजूत आहे की ती वणीच्या गडावर दर्शनाच्या रांगेत बसायला ठेवली आहे. मीही ती समजूत मोडत नाही. खरं कारण सांगायला गेलं की पुढचा अर्धा तास जातो. आज मात्र आकाशवाणीनं तेवढा वेळ दिलाच आहे, तर सांगतो.

महिन्यातून दोनदा, शनिवारी, मी पहाटे चारला नाशिकहून निघतो आणि एका सैनिकी प्रशिक्षण संस्थेच्या तलावावर जाऊन ही खुर्ची काठावर मांडतो. संस्थेचं नाव घेत नाही, कारण त्यांनी मला बोलायला पाठवलेलं नाही. तिथली मुलं, आणि आता मुलीसुद्धा, शिडाच्या होड्या चालवायला शिकतात. मी आणि माझ्यासारखे आणखी तिघं त्यांचे सल्लागार. मानधन नाही, हुद्दा नाही, गणवेश नाही. चहा मिळतो. त्यात साखर फार असते.

लोक पहिला प्रश्न विचारतात तो ठरलेला. अहो, नाशिकला समुद्र कुठे, तुम्हाला शिडातलं काय कळतं? मी पंधरा वर्षं नौदलात खलाशी होतो, हे त्याचं अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं येवल्याचं आहे. माझं बालपण येवल्यात गेलं. संक्रांतीला तिथं भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस सगळं गाव गच्चीवर असतं. पतंगाच्या फिरकीला आम्ही आसारी म्हणतो. आठ-नऊ वर्षांच्या पोराला तिथं कुणी शिकवत नाही, तरी त्याला कळतं की वारा जोरात आला की ढील द्यायची आणि पडला की खेचायचं. पुढे नौदलात व्हेलरवर, म्हणजे वल्ह्यांच्या आणि शिडाच्या मोठ्या होडीवर, पहिल्यांदा शिडाची दोरी हातात आली तेव्हा शिकवणारे इंग्रजी शब्दांचा मारा करत होते आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, अरे, ही तर ढील आणि खेच! आजही कॅडेटना मी तेच दोन शब्द सांगतो. केरळचा मुलगा असो की मणिपूरचा, 'ढील सर?' असं विचारतो तेव्हा मला येवल्याची गच्ची आठवते.

ज्यांनी शिडाची होडी जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्याकडे जास्त करून एंटरप्राइज जातीच्या होड्या आहेत. चार मीटरच्या आसपास लांबी, निळी शिडं, दोन माणसं. एकजण सुकाणू आणि मोठं शीड सांभाळतो, दुसरा पुढचं लहान शीड, म्हणजे जिब. मधे पाण्यात एक फळी उतरवतात, तिला सेंटरबोर्ड म्हणायचं. ती नसेल तर होडी खेकड्यासारखी आडवी सरकत राहते. आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यात कुठलीही शिडाची होडी नाकासमोर जात नाही. तिला तिरकं जावं लागतं, मग वळून उलट बाजूला तिरकं. कसारा घाट चढताना रस्ता जसा वळणं घेत वर जातो, अगदी तसंच. ते वळण म्हणजे टॅक. वारा पाठीमागून असताना घेतलेलं वळण म्हणजे जाईब, आणि ते जरा घातक असतं. कारण टॅकमध्ये शीड फडफडत सावकाश बाजू बदलतं, जाईबमध्ये शिडाखालचा आडवा दांडा, बूम, एका क्षणात इकडून तिकडे सणसणत जातो. मधे डोकं असेल तर डोक्याला लागतो.

तो एकदा लागला. माझ्यामुळे लागला.

सल्लागार म्हणून माझं ते पहिलं वर्ष होतं. मी सेफ्टी बोटीत होतो, म्हणजे मोटरच्या त्या बोटीत जी शिकणाऱ्यांच्या मागे-पुढे फिरत राहते. समोरच्या होडीतला मुलगा वळायला कचरत होता. मी नौदलातल्या पंधरा वर्षांचा जुना आवाज काढला आणि ओरडलो, 'आत्ता! घे!' सैनिकी शाळेत वाढलेलं पोर ते. आवाज आला की शरीर आधी हलतं, डोकं नंतर. त्यानं सुकाणू ओढलं. मागून झोत येतोय हे त्याला त्याच्या मानेवर जाणवत होतं, म्हणूनच तो थांबला होता. माझ्याकडे मात्र तो झोत अजून पोचला नव्हता. बूम फिरला आणि त्याच्या जोडीदाराच्या कानामागे लागला. तीन टाके पडले. मुलगा आठवड्यात बरा झाला. मला बरं व्हायला जास्त दिवस लागले. सुकाणू धरणाऱ्यानं वारा ऐकायचं सोडून माझं ऐकलं होतं, आणि तसं ऐकायची सवय मीच त्याला लावली होती.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. होडी काठावर असेपर्यंत माझं तोंड चालू. ती काठ सोडून निघाली की बंद. गळ्यात शिटी असते, ती फक्त जिवाला धोका असेल तर. घडीची खुर्ची तेव्हापासूनची. सेफ्टी बोटीत आता तरुण प्रशिक्षक बसतात आणि मी काठावर.

अशा बिनपगारी सल्लागारांची पद्धत काही आमची नव्हे. अमेरिकेच्या नौदल अकादमीत ती फार रुजलेली आहे. ही अकादमी १८४५ साली ॲनापोलिसला सुरू झाली, सेव्हर्न नदी चेसापीकच्या खाडीला मिळते तिथं. तिच्या प्रमुखाला शिडाच्या नौकानयनाबाबत सल्ला देणारी एक समिती आहे, फेल्स कमिटी नावाची. निवृत्त अधिकारी आणि कधीच नौदलात नसलेली, पण आयुष्यभर शिडं ओढलेली नागरी मंडळी तिच्यात असतात. डीकोर्सी फेल्स नावाच्या गृहस्थांवरून हे नाव पडलं. त्यांची नीना नावाची दोन डोलकाठ्यांची नौका होती, १९२८ साली बांधलेली. १९६२ सालची बर्म्युडाची शर्यत या नौकेनं जिंकली. तेव्हा नौकाही जुनी झालेली आणि कप्तान फेल्स यांचं वय ७४. आमच्या चौघांत वयानं मोठे आहेत ते गृहस्थ दर दिवाळीला 'यंदा शेवटचं वर्ष' म्हणतात. त्यांना मी दरवेळी हा ७४चा आकडा ऐकवतो.

ही बर्म्युडाची शर्यत म्हणजे अमेरिकेतल्या न्यूपोर्टपासून बर्म्युडा बेटापर्यंत सुमारे ६३५ नॉटिकल मैल, मधे गल्फ स्ट्रीमचा उष्ण प्रवाह आडवा. अकादमीची मुलं तिच्यात ४४ फुटी नौका घेऊन उतरतात. सबंध नौकेचा कप्तान वीस-एकवीस वर्षांचा विद्यार्थी असतो, आणि अनुभवी माणूस बरोबर असलाच तरी सुकाणू विद्यार्थ्यांच्या हातात राहतं. अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्यांच्या काळात शिडं कशाला, हा प्रश्न तिथंही विचारतात, इथंही विचारतात. मला वाटतं, कारण अगदी साधं आहे. वीस वर्षांच्या पोराच्या हाती युद्धनौका कुणी देणार नाही. पण सात-आठ सोबत्यांचा जीव, रात्रीचा अंधार, बदलता वारा आणि 'आता शीड लहान करायचं की थांबायचं' हा निर्णय, एवढं सगळं त्याच्या हाती द्यायचं तर शिडाच्या नौकेइतकी स्वस्त जागा दुसरी नाही.

आपल्याकडेही हे शिक्षण आहेच. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे, म्हणजे एनडीएचे, कॅडेट तिथल्याच तलावात, पीकॉक बे म्हणतात त्या भागात, होड्या चालवतात. केरळात एळिमलाला भारतीय नौदल अकादमीत ॲडमिरल्स कपची शर्यत होते आणि तिच्यासाठी देशोदेशीच्या नौदल अकादम्यांचे संघ येतात. मग सल्लागार हवेत कशाला? चांगले प्रशिक्षक असतात की. असतात, फार चांगले असतात. पण त्यांची बदली होते. दोन वर्षं, फार तर तीन. अधिकाऱ्याला तलाव कळायला लागतो आणि पोस्टिंगचा आदेश येतो. मुलंही पास होऊन जातात. मागे राहतात होड्या, पाणी आणि आम्ही चार म्हातारे.

आमच्याजवळ एक वही आहे. दोनशे पानी, शाळेची असते तशी. तिच्यात काय आहे? एप्रिल संपता संपता पाणी उतरलं की पूर्वेच्या कोपऱ्यात एक जुनी दगडी भिंत पाण्याखाली हातभर खोलीवर येते. वरून काही दिसत नाही, सेंटरबोर्ड मात्र तिच्यावर आपटून तुटतो. ते पानावर नकाशा काढून लिहिलेलं आहे. पाच नंबरच्या होडीची डावी हवेची टाकी, होडीला तरंगत ठेवते ती, झिरपते, तिचं बूच दरवेळी हातानं दाबून बघायचं. मार्चमध्ये दुपारी तीननंतर पश्चिमेची टेकडी ओलांडून वारा येतो तो एकसारखा नसतो, धक्के देत येतो, म्हणून नवख्यांना तेव्हा बाहेर काढायचं नाही. असल्या गोष्टी हस्तांतरणाच्या फायलीत कुणी लिहीत नाही. होड्यांची संख्या, लाईफ जॅकेटची संख्या, सह्या, झालं.

बुचाचं हसू येईल तुम्हाला. पण होड्या बुडण्याची जेवढी कारणं मी पाहिली त्यांत वादळ एकदाच होतं. बाकी सगळी बुचं होती.

सल्लागाराला हुद्दा नसतो याचा एक वेगळाच उपयोग असतो, आणि तो मला फार उशिरा कळला. मी पेटी ऑफिसर म्हणून, म्हणजे अधिकाऱ्यांच्या बऱ्याच खालच्या पायरीवरून, बाहेर पडलो. नोकरीत असताना कमांडरसाहेबांना 'सर, आज होड्या काढू नयेत' असं म्हणायची माझी हिंमत झाली नसती. आणि झाली असती तरी ती त्यांच्यापर्यंत पोचायला चार पायऱ्या होत्या. आज मी तेच वाक्य खुर्चीवर बसून, चहा पिता पिता म्हणतो. त्यांना राग आला तरी ते माझी बदली कुठे करणार? आणि ते ऐकतात. गेल्या जूनमध्ये पाहुणे येणार होते, प्रात्यक्षिक ठरलं होतं, तंबू लागले होते. दक्षिणेकडे आभाळ काळं झालं होतं. तिथल्या तरुण मेजरसाहेबांना ते दिसत होतं, पण कार्यक्रम रद्द करा हे वर सांगणं त्यांना अवघड होतं. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी उठून मोठ्या साहेबांकडे गेलो आणि म्हणालो, मी नाही काढणार. अर्ध्या तासात वळीव आला आणि तंबू उडाला. आभाळ मेजरसाहेबांनी माझ्याआधी वाचलं होतं. ते बोलून दाखवणारा, नोकरीबाहेरचा एक माणूस तेवढा हवा होता.

आता ज्यांच्यामुळे हे सगळं मला करावंसं वाटलं त्यांच्याविषयी बोलतो. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी. १९७१च्या युद्धात बंगालच्या उपसागरात आयएनएस कमोर्टाचे कप्तान, वीरचक्राचे मानकरी. १९८३ साली पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख म्हणून ते निवृत्त झाले आणि राहायला गेले कुठे, तर साताऱ्यात फलटणजवळ विंचुर्णीला! समुद्राचा वाससुद्धा येणार नाही अशा ठिकाणी. तिथं बसून या माणसानं धरलेला हट्ट असा, की एका भारतीयानं एकट्यानं, शिडाच्या नौकेतून, पृथ्वीप्रदक्षिणा करावी. स्वतः जायचं नव्हतं. कुणीतरी जावं, एवढंच. अधिकारी बदलत राहिले, आवटींचा हट्ट बदलला नाही.

शेवटी २००६ साली कमांडर दिलीप दोंदे 'मी जातो' म्हणाले. पण एकट्यानं समुद्र ओलांडायचा म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणालाच माहीत नव्हतं. मग दोंदे इंग्लंडला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हाताखाली उमेदवारी करायला गेले. हे नॉक्स-जॉन्स्टन म्हणजे १९६९ साली कुठेही न थांबता एकट्यानं जगप्रदक्षिणा पुरी करणारे पहिले. ती एक शर्यत होती, तिच्यात नऊ जण निघाले होते, पोचले हे एकटे, ३१२ दिवसांनी. आणि गंमत पाहा, त्यांची ती सुहैली नावाची ३२ फुटी नौका आपल्या मुंबईत बांधलेली, सागवानाची. म्हणजे मुंबईहून गेलेली विद्या इंग्लंडला फिरून परत आली म्हणायची.

दोंदेंसाठी म्हादेई ही ५६ फुटी नौका गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत बांधली गेली. ऑगस्ट २००९ला दोंदे मुंबईहून निघाले, चार बंदरं घेत मे २०१०ला परत आले. त्या सफरीत किनाऱ्यावरची व्यवस्था पाहणारा एक तरुण अधिकारी होता, अभिलाष टॉमी. आधी काठावर राहून त्यानं दुसऱ्याची सफर पार पाडली आणि मग त्याच म्हादेईवरून नोव्हेंबर २०१२ ते मार्च २०१३ या काळात, कुठेही न थांबता, स्वतः प्रदक्षिणा केली. पुढे दोंदेंनी सहा महिला अधिकाऱ्यांना तयार केलं. वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली त्या तारिणी नौकेतून सप्टेंबर २०१७ला गोव्याहून निघाल्या आणि मे २०१८ला परतल्या. आवटींनी ते पाहिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात, वयाची ब्याण्णव वर्षं पुरी करून, जन्म १९२६चा, विंचुर्णीलाच ते गेले. आणि अलीकडे, ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५, दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच तारिणीवरून प्रदक्षिणा पुरी केली. त्यांना शिकवणारे होते अभिलाष टॉमी.

आवटींचा हात या सगळ्यात एकाही दोरीला लागला नाही.

अर्थात सल्लागार ही जात त्रासदायकही असते, हे मला कबूल करायला हवं. 'आमच्या वेळी' या दोन शब्दांनी सुरू होणारं वाक्य मी दिवसातून एकदाच म्हणायचं, असा दंड आम्ही स्वतःला लावून घेतला आहे. दुसऱ्यांदा म्हटलं की सगळ्यांसाठी भेळ आणायची. आतापर्यंत भेळ बरीच झाली. शिवाय आमचं ज्ञान जुनं होतं, ते वेगळंच. माणूस पाण्यात पडला तर आमच्या काळी होडी लांब नेऊन, वळवून, सावकाश त्याच्याकडे आणायला शिकवायचे. आता पडल्या क्षणी होडी वाऱ्याकडे वळवून तिची गती मारायची आणि जवळच फेरी घ्यायची, असं शिकवतात. मला ते पटायला एक हंगाम लागला. लांब गेल्यावर लाटांमध्ये डोकं दिसेनासं होतं, हे मी स्वतः अनुभवलेलं असूनही!

एक गोष्ट मात्र जुनी आहे आणि तशीच राहिली आहे. होडी उलटली तर होडी सोडायची नाही. काठ जवळ दिसतो म्हणून पोहत निघायचं नाही. पाण्यावरून अंतर नेहमी कमी वाटतं. आधी जोडीदाराला हाक, मग होडीला धरून फिरायचं, सेंटरबोर्डवर उभं राहायचं आणि मागे रेलून तिला सरळ करायची. पहिल्याच दिवशी आम्ही प्रत्येक होडी मुद्दाम उलटवतो. नाशिककरांना पाण्याचा आदर वेगळा शिकवायला नको. गोदेला पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी की छातीला, हे बघूनच आपण ठरवतो किती मागे सरायचं. तरी दरवर्षी गंगापूर धरणाच्या काठावर, लाईफ जॅकेट न घालता फोटो काढणारी पोरं दिसतातच.

आमच्या सोसायटीत एक मुलगी आहे, एनडीएच्या परीक्षेची तयारी करते. आता मुलींसाठीची शासकीय सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था नाशकातच आहे, त्यामुळे अशा मुली बऱ्याच भेटतात. मागच्या महिन्यात ती म्हणाली, 'काका, मला पोहायला येत नाही, पाण्याची भीतीच वाटते. माझं काय होणार?' मी तिला आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळचं नाव सांगितलं. दुष्काळी गाव, घरी विहिरी खोदायचं काम, आणि सैन्यात जाईपर्यंत वल्हं हातात धरलेलं नाही. तो २०१६ला रिओ ऑलिम्पिकमध्ये वल्हवून आला आणि २०१८च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्णपदक. ती म्हणाली, 'पण काका, त्यांची होडी वल्ह्याची, तुमची शिडाची.' मुलगी हुशार आहे.

तिला मी गच्चीवर नेलं आणि संक्रांतीचा उरलेला पतंग उडवायला दिला. वारा पडला तेव्हा तिनं आपण होऊन खेचलं. मी काही बोललो नाही.

येत्या शनिवारी तलावावर नव्या तुकडीचा पहिला दिवस आहे, म्हणजे सगळ्या होड्या उलटणार. बुचं मोजायची आहेत, वहीतलं भिंतीचं पान नव्या साहेबांना दाखवायचं आहे. खुर्चीचं कापड एका बाजूनं उसवलंय, ते मेन रोडवर शिवायला टाकलंय. शुक्रवारपर्यंत मिळालं तर बरं, नाहीतर बसू जमिनीवर.

नमस्कार.